डिकीतली स्टेपनी आणि आपली पाठ

  हातातलं काम चालू राहू द्या, तव्यावरची भाकरी करपू देऊ नका, फक्त कान तेवढा इकडे असू द्या.

मागच्या खेपेला आम्ही आमच्या गटाच्या शेंगदाणा चटणीविषयी बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. आज आम्ही गाडीच्या डिकीत ठेवलेल्या जादा चाकाविषयी बोलणार आहोत. आपण सगळे त्याला स्टेपनी म्हणतो. ती स्टेपनी डिकीत कशी ठेवायची, कशी बांधायची, आणि ती बांधलेली आहे की नाही हे गाडीत बसायच्या आधी आपण कसं बघायचं, एवढंच सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हे ड्रायव्हरचं काम. बायकांना त्यात काय करायचंय? अहो, आम्हीही अगदी हेच म्हणत होतो. पण त्याची किंमत आमच्यातल्या एका मावशींना मोजावी लागली. म्हणून आधी तीच हकिकत सांगतो.

फेब्रुवारीचा महिना होता. जिल्ह्याच्या ठिकाणी बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन भरणार होतं. आमच्या गटाला एक टेबल मिळालं होतं. कुरडया, पापड, सांडगे, चटणी असा माल तयार केला. गावातल्याच एका दादांची पाच माणसांची गाडी भाड्याने ठरवली. एक जण पुढे आणि तिघी मागे, अशा चौघी निघणार होतो.

आदल्या रात्री त्या गाडीचं एक चाक पंक्चर झालं होतं. दादांनी स्टेपनी लावून गाडी घरी आणली आणि सकाळी पंक्चर काढलेलं चाक दुकानातून घेऊन आले. ते चाक ठेवायची जागा कुठली? तर डिकीच्या तळाशी असलेला खड्डा. पण त्या खड्ड्यात एक रिकामा कॅन, जुनी पोती आणि कसली कसली फडकी भरलेली होती. वरून आमचा माल रचून झालेला. उशीर होत होता. दादांनी ते चाक उचललं आणि आमच्या पोत्यांवर, सीटच्या पाठीमागे उभं टेकवून दिलं.

आम्ही चौघीही बघत होतो. मावशींनी विचारलंसुद्धा, "दादा, ते पडायचं नाही ना?"

दादा म्हणाले, "मावशी, चांगलं दहा-बारा किलोचं धूड आहे. ते कुठं जातंय?"

आम्हालाही ते पटलं. जड वस्तू जागची हलत नाही, हे आपण रोज घरात बघतो. जातं हलत नाही, पाटा हलत नाही. मग चाक कशाला हलेल?

गाव सोडून दोन-तीन किलोमीटर गेलो असू. एका वळणावर शेरडं आडवी आली. दादांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी वेळेवर थांबली. एकाही शेरडाला धक्का लागला नाही, गाडीला ओरखडा उठला नाही. पण मागचं चाक थांबलं नाही. ते पोत्यांवरून पुढे आलं आणि सीटच्या पाठीवर आदळलं. त्या सीटची पाठ दुमडून पुढे पाडता येते, आणि तिची एका बाजूची खिट्टी नीट बसलेलीच नव्हती. पाठ पुढे कलली आणि चाक मावशींच्या खांद्यावर आलं.

खांद्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. आणि ते आठवडे कुठले, तर मार्च आणि अर्धा एप्रिल! वर्षभराच्या कमाईचे ते दिवस. आमच्या गटात पापड लाटायला मावशींइतका झपाट्याचा हात दुसऱ्या कुणाचा नाही. त्या उन्हाळ्यात तो हात नुसता मांडीवर पडून होता. आम्ही बाकीच्यांनी आपापल्या वाट्यातलं थोडं थोडं त्यांना दिलं, पण आयुष्यभर स्वतःच्या कष्टाचं खाल्लेल्या बाईला ते घेताना काय वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

त्या दादांना आम्ही दोष देत नाही. ते दवाखान्यात रात्रभर बसून होते. त्यांना चाक बांधायचं कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं. आता आम्हाला कळलंय, म्हणून तुम्हाला सांगतोय.

जड वस्तू पुढे का येते?

पुढच्या बैठकीत एक गंमत करून बघा. स्टीलचं एक ताट घ्या आणि त्यात मधोमध एक लिंबू ठेवा. ताट फरशीवरून सरळ पुढे ढकलत न्या आणि एकदम थांबवा. ताट थांबेल, लिंबू पुढे पळेल. आता लिंबाच्या जागी बत्ता आडवा ठेवा आणि तसंच करा. बत्ता जड आहे, तरी तोही पुढे जातो आणि ताटाच्या काठावर लिंबापेक्षा जोरात आदळतो.

गाडीतही हेच होतं. गाडी चालू असताना तिच्यातली प्रत्येक वस्तू गाडीच्याच वेगाने पुढे जात असते. आपण, आपली पिशवी, डिकीतलं चाक, सगळंच. ब्रेक दाबला की ब्रेक गाडीला थांबवतो. डिकीतल्या चाकाला तो थांबवत नाही. ज्या वस्तूला गाडीने धरून ठेवलेलं आहे, तीच गाडीबरोबर थांबते. बाकीची पुढे जात राहते, कशावर तरी आदळेपर्यंत. आणि डिकीतल्या चाकापुढे काय असतं? मागच्या सीटची पाठ, आणि तिला टेकून बसलेल्या आपण.

म्हणजे वस्तू जड आहे म्हणून ती हलणार नाही, हा आपला समज उलटा आहे. जड वस्तूला थांबवायला जास्त जोर लागतो आणि ती आदळतेही जास्त जोराने.

किती जोराने? थोडा हिशोब करू. तासाला ५० किलोमीटर हा काही फार वेग नाही. पण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, एखादी वस्तू खाली सोडली, तर जमिनीला टेकताना तिचा वेग साधारण एवढाच असतो. गच्चीवरून खाली टाकलेल्या चाकाखाली आपण उभ्या राहू का? गाडीचा वेग दुप्पट झाला तर ती उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. हमरस्त्यावर तासाला १०० किलोमीटरने जाणारी गाडी म्हणजे चाळीस मीटरची उंची.

दुसरा हिशोब वजनाचा. लहान गाडीचं चाक, टायर आणि लोखंडी रिम धरून, दहा ते पंधरा किलोच्या आसपास भरतं. मोठ्या गाडीचं त्याहून बरंच जड असतं. समजा, ५० च्या वेगातली गाडी झाडावर आदळली आणि अर्ध्या मीटरच्या आत थांबली. तेवढ्या क्षणात पंधरा किलोचं चाक आपल्या वजनाच्या वीसपट जोर लावतं. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल! पन्नास किलोची सहा पोती एकदम पाठीवर आल्यासारखं. सीटची पाठ तेवढं सोसेलच असं नाही, आणि खिट्टी नीट बसलेली नसेल तर मुळीच नाही.

आमच्या मावशींच्या वेळी गाडी आदळली नव्हती, नुसता ब्रेक लागला होता. तरी हाड मोडलं. हे लक्षात ठेवा.

स्टेपनीची हक्काची जागा

हा स्टेपनी शब्द आपल्याकडे कुठून आला, हे आम्हालाही मजेशीर वाटलं. ब्रिटनमधल्या वेल्स भागात लॅनेली नावाचं एक गाव आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. या गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक विकायला सुरुवात केली. पंक्चर झालेलं चाक न काढता त्याच्या शेजारी हे चाक पकडींनी घट्ट आवळून बसवायचं, अशी ती युक्ती होती. रस्त्याचं नाव चाकाला मिळालं आणि ते नाव आपल्या गावापर्यंत येऊन पोचलं. पहिली स्टेपनी आवळूनच बसवायची असायची, आणि आजही ती आवळूनच ठेवायची असते.

गाडी बनवणाऱ्यांनी स्टेपनीला जागा दिलेली असते. बहुतेक लहान गाड्यांमध्ये डिकीतली चटई आणि तिच्याखालची फळी उचलली की गोल खड्डा दिसतो. चाक त्यात आडवं बसतं. खड्ड्याच्या तळाशी मधोमध एक लोखंडी पकड असते. तिच्यात एक लांब बोल्ट किंवा आटे पाडलेली दांडी बसते. ती चाकाच्या रिमच्या मधल्या भोकातून जाते आणि वरून हाताने फिरवायचं मोठं बूच किंवा दोन पंख असलेला नट तिला आवळतो. स्टेपनीचा सगळा बंदोबस्त म्हणजे एवढीच वस्तू.

आणि जुन्या गाड्यांमध्ये हरवलेली असते तीही हीच वस्तू. पंक्चर झालं की घाईत बोल्ट काढून बाजूला ठेवतात, अंधारात तो रस्त्यावर राहतो, आणि पुढची पाच वर्षं चाक नुसतं खड्ड्यात खडखडत असतं. डिकीतून खडखड ऐकू आली तर ती ऐकून सोडून देऊ नका. सुट्टी वस्तू तिथे आहे, एवढा त्याचा अर्थ आहे.

बोल्ट हरवला असेल तर त्याच गाडीचा बोल्ट स्पेअर पार्टच्या दुकानात मागवता येतो, किंवा जुन्या गाड्या मोडतात तिथे मिळतो. दुसऱ्या गाडीचा लावायला जाऊ नका. आटे जुळत नाहीत, लांबी कमी-जास्त होते. बोल्ट हाताने पूर्ण आवळायचा. त्यासाठी पाना घालून पिळायची गरज नसते.

चाक ठेवताना ते पालथं ठेवायचं की उताणं, हा प्रश्न पडतो. ज्या बाजूने ठेवल्यावर बोल्ट भोकातून पुरेसा वर येतो आणि वरचं बूच रिमला घट्ट टेकतं, ती बाजू बरोबर. चाक डुगडुगत असेल तर उलटून बघा.

सगळ्याच गाड्यांची स्टेपनी डिकीत नसते. बोलेरोसारख्या गाडीत ती मागच्या दारावर नटांनी बसवलेली असते. इनोव्हा, अर्टिगा यांसारख्या गाड्यांमध्ये ती खालून, गाडीच्या पोटाला टांगलेली असते. अशी टांगलेली स्टेपनी वर ओढून घट्ट बसली आहे ना, गंज लागून तिचा आधार झिजला नाही ना, हे अधूनमधून वाकून बघायला हवं. ती चालत्या गाडीतून सुटली तर आतल्यांना कळतही नाही, पण मागून मोटरसायकलवर येणाऱ्या नवरा-बायकोच्या पुढ्यात ती येते. वडापच्या जीपगाडीच्या टपावर चाक ठेवलेलं असतं, तेही नुसतं ठेवून भागत नाही. चारही अंगांनी बांधलेलं हवं.

काही नव्या गाड्यांमध्ये स्टेपनी नसतेच. ट्यूबलेस टायर असतील, टायरमधली हवा कमी झाल्याचं दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर बुजवायचा संच दिलेला असेल, तर लहान गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, असा बदल आपल्या देशाच्या नियमांत २०२० साली झाला. तेव्हा स्टेपनी दिसली नाही म्हणून लगेच भांडू नका, आधी विचारा.

खड्ड्यात बसत नसेल तर

कधी कधी चाक खड्ड्यात बसवताच येत नाही. काही गाड्यांची स्टेपनी अरुंद असते, तिच्यासाठीचा खड्डाही लहान. ती लावली की काढलेलं मोठं चाक त्यात मावत नाही. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत तर डिकीतली अर्धीअधिक जागा सिलिंडरच घेतं. कधी त्याच्याखाली दबलेली स्टेपनी काढता येत नाही म्हणून मालक ती वरच टाकून ठेवतात. अशा वेळी चाक बांधायचं कसं?

आपल्याला हे नवं नाही. गुराला बांधताना आपण तीन गोष्टी बघतो. खुंटा पक्का आहे का, दावं मजबूत आहे का, आणि गाठ निरगाठ आहे की सुरगाठ. चाकालाही याच तीन गोष्टी लागतात. फक्त त्याच्या आधी जागा ठरवायची.

जागा. चाक आडवं, डिकीच्या तळावर, सीटच्या पाठीला अगदी चिकटवून ठेवायचं. उभं कधीच ठेवायचं नाही. उभं चाक म्हणजे गडगडायला तयार असलेलं चाक. मालाच्या पोत्यांवर ठेवायचं नाही, चाक खाली आणि हलका माल वर. चाक आणि सीट यांच्यामध्ये मोकळी जागा राहू द्यायची नाही. जितकं अंतर जास्त, तितकं ते जोर घेऊन येतं.

खुंटा. अनेक गाड्यांच्या डिकीत तळाला किंवा कडेला लोखंडी कड्या किंवा हूक असतात. ते माल बांधण्यासाठीच दिलेले असतात. कडी हाताने जोरात ओढून बघा. ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने बसवलेली हवी. प्लॅस्टिकच्या हुकाला पिशवी अडकवावी, चाक नाही. सीटच्या पट्ट्याला बांधायचं नाही, तो माणसासाठी आहे. आणि हे फार महत्त्वाचं, गॅसच्या सिलिंडरला, त्याच्या नळीला, त्याच्या तोटीला किंवा त्याच्या स्टँडला चाक कधीही बांधायचं नाही. चाकाला हिसका बसला तर तो थेट गॅसच्या जोडणीला बसेल. आणि सुटं चाक सिलिंडरवर आपटत राहणंही तितकंच वाईट. डिकीत कड्याच नसतील तर गॅरेजमधून बसवून घ्याव्यात. पण गाडीचा पत्रा आपल्या मनाने भोकं पाडण्याजोगा नसतो, त्याखालून पेट्रोलची टाकी, नळ्या आणि वायरी गेलेल्या असतात. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्यायचं.

दावं. ट्रकवाले माल आवळायला खटक्याचा रुंद पट्टा वापरतात. तो सगळ्यात चांगला. खटका वर-खाली केला की पट्टा आवळत जातो आणि आपोआप सुटत नाही. तो नसेल तर करंगळीएवढी जाड नायलॉनची नवी दोरी घ्यावी. सुतळी चालत नाही. जुनी ओढणी, फाटकं लुगडं चालत नाही. मोटरसायकलच्या मागे सामान बांधायला हुकांचा रबरी पट्टा असतो, तोही चालत नाही. रबर ताणलं जातं, म्हणजे चाक पुढे येणारच. आणि मघाचा तीन क्विंटलचा हिशोब आठवा. एक पदर पुरत नाही, दोरीचे तीन-चार पदर घ्यावेत.

गाठ. दोरी टायरवरून नुसती गुंडाळली तर ती घसरते. ती रिमच्या भोकातून ओवून घ्यायची. एक बांधणी डावीकडून उजवीकडे आणि दुसरी पुढून मागे, अशी वरून बघितलं तर फुली दिसली पाहिजे. शेवटी निरगाठ मारायची. सुरगाठ सोडायला सोपी असते, पण हिसक्याने ती आपोआपही सुटते.

मग परीक्षा घ्यायची. दोन्ही हातांनी चाक धरा आणि जोरात हलवा. चाक हललं तर बांधणी सैल आहे. चाकाबरोबर गाडी हलली, तर बांधणी पक्की आहे. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पुन्हा बघा, कारण धक्क्यांनी दोरी सैल पडते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोरी ही प्रवासापुरती सोय आहे. कायमचा उपाय म्हणजे चाक त्याच्या खड्ड्यात आणि बोल्ट आवळलेला. घरी पोचलं की तेवढं करून घ्यायचंच.

जॅक, पाना आणि हवा

स्टेपनीबरोबर जॅक आणि पाना येतात. लोखंडाच्या या वस्तू चाकापेक्षा हलक्या असल्या तरी त्यांचा मार टोकदार असतो. त्यांनाही गाडीत ठरलेली जागा असते. जागा नसेल तर त्या गोणपाटात गुंडाळून, सुतळीने आवळून चाकाच्या पोकळीत ठोकून बसवाव्यात आणि वरून बांधणी घ्यावी. नारळ, पाण्याचे कॅन, चटणीचे स्टीलचे डबे हेही त्याच हिशोबातले. सीटच्या पाठीच्या वर माल रचायचा नाही.

चाक नीट बांधलं, पण वेळेला त्यात हवाच नाही, असं झालं तर काय उपयोग? वापरात नसलेल्या चाकातलीही हवा हळूहळू कमी होते. महिन्यातून एकदा बाकीच्या चारांबरोबर तिचीही हवा बघायला सांगा. टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. डिकीत पडून पडूनही रबर म्हातारं होतं, भेगा पडतात. अरुंद स्टेपनीवर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक वेळा तासाला ८० किलोमीटर. ती लावून फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जायचं, गावोगाव हिंडायचं नाही.

आपण बोलायचं कसं?

आता सगळ्यात अवघड भाग. बोल्ट आवळणं सोपं आहे, तोंड उघडणं अवघड आहे. गाडी बाप्यांची, ड्रायव्हर बाप्या, मग "डिकी उघडा" असं म्हणायचं तरी कसं? त्या दिवशी मावशींनी विचारलं होतं, बरं का. पण उत्तर मिळालं आणि आम्ही सगळ्या गप्प बसलो. आणखी दोघी जरी बोलल्या असतो, तरी पाच मिनिटांत खड्डा मोकळा करून चाक आत गेलं असतं. ती पाच मिनिटं आम्ही वाचवली आणि सहा आठवडे घालवले.

विचार करा, गाडीत मागे कोण बसतं? आपण बसतो. मांडीवर लेकरू घेऊन बसतो. जागा कमी पडली तर पोरांना डिकीत सामानाशेजारी बसवतात, तेही आपलीच. तिथे तर कधीच बसवू नका, ती माणसाची जागा नव्हे. डिकीतलं चाक ज्याच्या पाठीवर येणार, त्याने डिकी बघायला मागितली तर त्यात आगाऊपणा कसला?

भांडायचं नाही. गोड बोलायचं, पण बोलायचं. आमचं वाक्य ठरलेलं आहे. "दादा, निघायच्या आधी डिकी एकदा दाखवा. मागे एकदा आमच्या मावशींना लागलंय." एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. एखाद्याने टाळलंच तर म्हणायचं, "तोवर आम्ही खालीच उभ्या राहतो." भाडं आपण देतो, मैत्रिणींनो.

डिकी उघडली की चार गोष्टी बघायच्या. बोटांवर मोजा. पहिली, स्टेपनी कुठे आहे, आणि हलवली तर हलते का? दुसरी, जॅक-पाना सुटे आहेत का? तिसरी, जड माल खाली आणि सीटला चिकटून आहे का, पाठीच्या वर काही आलंय का? चौथी, मागच्या सीटची पाठ दोन्ही बाजूंनी धरून पुढे ओढा, खिट्टी दोन्हीकडे पक्की बसली आहे का? आणि मग आत बसून आपला पट्टा लावायचा. मागे बसणाऱ्यांनीही लावायचा, नियमच आहे तसा.

दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही आता बैठकीच्या वहीत लिहून ठेवलंय. गटाच्या पैशाने गाडी ठरेल तेव्हा या चार गोष्टी बघायला एक बाई नेमलेली असेल. गटाच्या खर्चातून खटक्याचे दोन पट्टे घेतलेत, ते मालाच्या पोत्याबरोबर जातात. भाड्याच्या गाडीत खड्डा भरलेला असो, बोल्ट हरवलेला असो, आमचे पट्टे आमच्याजवळ असतात. तुमच्या गटालाही एवढं जमण्यासारखं आहे.

त्या दादांचंही सांगून टाकतो. त्यांनी त्याच आठवड्यात खड्डा रिकामा केला आणि बोल्ट शोधून बसवला. आता दुसऱ्या गाडीवाल्यांनाही तेच सांगत असतात.

आणि मावशी? त्यांचा हात बरा झाला. थंडीत खांदा दुखतो म्हणतात, पण पुढच्या उन्हाळ्यात लाटणं पुन्हा हातात आलं. गाडी दारात आली की आता आमच्याआधी त्या मागे जाऊन उभ्या राहतात. दादा डिकी उघडतात, मावशी चाकाला हात घालून दणकन हिसका देतात, आणि गाडी हलली की म्हणतात, "हां, चला आता."

तुम्हीही तेवढं करा. या आठवड्यात कुणी लग्नाला निघाल्या असाल, कुणी माल घेऊन बाजाराला, कुणी लेकीला आणायला. बसायच्या आधी गाडीच्या मागे एक चक्कर मारा. येतो आम्ही. नमस्कार!